पालकांची शर्यत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बोरिवली स्टेशनबाहेर भाजी घेत होते. "तुझा दादा पडला गं," ती म्हणाली. "शाळेत... पालकांच्या शर्यतीत." मला हसूच आलं. पोट सुटलेला माणूस, तरी धावायची हौस! "फार लागलं का?" मी विचारलं. तिच्या मागे माइकवरून कुणीतरी मुलांना मैदान सोडून वर्गात जायला सांगत होतं... त्या आवाजावरून मला कळलं.

महेशदादाला जाऊन महिना उलटून गेला. बाराव्याला आलेले नातेवाईक एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होते, शिस्तीचा माणूस होता. वहिनी पानं वाढत होती. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "शिस्त कसली? पोरगं घाबरायचं त्याला. गेला म्हणून आता त्याचा देव करू नका." सगळे खाली मान घालून जेवत राहिले. तिचं खरं होतं.

दादा मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, राहायला दहिसरला. पाळी बदलून घेईल, साहेबाशी भांडेल, पण आठ वर्षांच्या निनादच्या शाळेतला एकही कार्यक्रम त्याने चुकवला नाही, आणि निनादची नेमकी तीच पंचाईत होती. एका वर्षी वेशभूषा स्पर्धेत पोरगं ट्रॅफिक हवालदार झालं होतं. टोपी, पट्टा, छातीवरचा बिल्ला, सगळं दादाने घरी बसून स्वतः केलेलं. निनाद स्टेजवर गेला आणि वाक्यं विसरला. पहिल्या रांगेतून दादा ओरडला, "बोल ना! तोंड शिवलंय काय?" लोक हसले, त्यांना गंमत वाटली. निनादची चड्डी ओली झाली, तेव्हा तर आणखीच हसले. गेल्या वर्षी क्रीडादिनाला तो पोत्याच्या शर्यतीत तोंडावर आपटला. बाकीचे बाप धावले असते. दादा हाताची घडी घालून दोरीपाशी उभा राहिला. "उठ! नाटकं नकोत!" एवढंच म्हणाला. आणि निनाद उठला, ओठातून रक्त येत असताना पोत्यासकट शेवटपर्यंत गेला.

एकदा आम्ही सगळे मनोरीला तंबूत राहायला गेलो होतो. मार्व्याहून होडीने पलीकडे जातानाच निनाद पाण्याकडे पाठ करून बसलेला. दादाच्या ते लक्षात आलं होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर त्याने पोराला उचललं, सरळ समुद्रात नेलं आणि छातीभर पाण्यात उभं करून दंड धरून ठेवला. पोरगं किंचाळत होतं. मी ओरडले, "सोड रे त्याला, दादा!" तर म्हणतो, "तू मध्ये पडू नकोस. आज सोडला तर जन्मभर घाबरेल." रडणं थांबेपर्यंत सोडणार नव्हता तो. शेवटी वहिनी अंगावरच्या ड्रेसनिशी पाण्यात शिरली आणि निनादला ओढून बाहेर घेऊन आली... संध्याकाळी तंबूसमोर दादा बांगड्याचे काटे काढून निनादला भरवत होता. एकेक काटा बोटांनी चाचपून, अगदी जपून. पोरगं आ करत होतं, पण नजर घासाकडे नव्हती, बापाच्या चेहऱ्याकडे होती, आता काय बोलेल म्हणून. माया होती दादाला, भरपूर होती. पोराला ती कधी सुखाने घेता आली नाही.

शर्यतीचं सगळं वहिनीने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, हळू आवाजात. दादा बूट काढून धावला. सगळ्यांच्या पुढे होता. अर्ध्यावर पाय अडखळल्यासारखा झाला आणि तो पालथा पडला. पालक हसले. निनाद वर्गातल्या मुलांबरोबर दोरीपाशी उभा होता. बाबासुद्धा पडतो, याचाच त्याला केवढा आनंद झाला! तो हाताची घडी घालून, थेट बापाच्या आवाजात ओरडला, "उठ! नाटकं नकोत!" मुलांना ते इतकं आवडलं की सगळा वर्गच ओरडायला लागला. उठ, नाटकं नकोत. उठ, नाटकं नकोत. बाई धावत गेल्या, त्यांनी दादाला उताणं केलं, तरी मागची मुलं ओरडतच होती.

डॉक्टर म्हणाले, पडायच्या आधीच सगळं संपलं असेल, त्याने काहीच ऐकलं नसणार. हे आम्ही निनादला पुन्हा पुन्हा सांगतो. तो मान हलवतो, आणि खेळायला जाऊ का म्हणून विचारतो.

गेल्या रविवारी वहिनी आणि निनाद, दोघं माझ्याकडे आली होती. कपाटाच्या दारात निनादचं बोट चेमटलं, नख काळंनिळं पडलं. मी त्याला घेऊन बाथरूममध्ये धावले, बोट पाण्याखाली धरलं. त्याने दात आवळून धरले होते, डोळे तुडुंब भरलेले. "रड रे राजा," मी म्हटलं, "इथे कोण आहे बघायला?"

"आत्या, आधी दार लाव."

मी दार लावलं. त्याने कडीकडे एकदा बघून घेतलं. मग दुसऱ्या हाताने नळ पूर्ण सोडला, बादलीत पाण्याचा मोठा आवाज व्हायला लागला, आणि तेव्हा कुठे तो रडला.