छातीवरचा हात

शेंद्र्याच्या कारखान्यात मी प्रशिक्षणार्थी होतो, तेव्हा रोज सकाळी मशिनं सुरू होण्याआधी आम्ही रांगेत उभं राहून कंपनीची शपथ म्हणायचो. उजवा हात छातीवर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. 'ही कंपनी माझं घर आहे. तिच्या वाढीतच माझी वाढ आहे. माझ्या मनात तिच्याविषयी शंका नाही.' साहेब रबरी तळव्यांच्या बुटांनी रांगांमधून फिरायचे. ते कुणापाशी थांबलेत, हे फक्त अत्तराच्या वासावरून कळायचं.

तो वास माझ्यापाशी फार वेळ थांबायचा.

"शब्द बरोबर आहेत," एकदा ते कानाशी हळूच म्हणाले, "पण मनापासून येत नाहीत. तुम्हाला कायम करायचं तर माझी खात्री पटली पाहिजे."

उस्मानपुऱ्यात राहणारा माझा सोबती डबा खाताना हसला. "अरे मियाँ, दाँत दिखा. दिल कौन देखता है?"

मला ते हसण्यावारी नेता येईना. गंगापूरकडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. या नोकरीचे उपकार मला खरंच वाटत होते. मग शपथच खोटी का वाटावी? सुट्टीला गावी गेलो की ओसरीत उभा राहून सराव करायचो. आई समोर शेंगा फोडत ऐकायची. तिला वाचता येत नाही, पण शाळेपासूनचं माझं पाठांतर तिनंच ऐकलेलं. मी अडखळलो की लगेच म्हणायची, "नाय जमलं. पुन्यांदा म्हण."

पुढं कंपनीनं सगळ्यांच्या घरच्यांना मेळाव्याला बोलावलं. साहेबांनी आईला मंचावर घेतलं आणि विचारलं, "मावशी, मुलगा घरी कंपनीबद्दल काय बोलतो?"

आईनं पदर सावरला. उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि शपथ म्हणू लागली. मी जिथं श्वास घेतो, तिथंच तिनं श्वास घेतला. शेवटी मी आणायचो तसंच हसू आणलं. ते हसू तिचं नव्हतं.

मंडपात कुणी हललं नाही. मग एकेक हात छातीवर गेला, खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांचेसुद्धा. माझाही गेला. त्या दिवशी पहिल्यांदा ते शब्द माझ्या मनातून आले. साहेब मंचावरून कधी उतरले ते मिटल्या डोळ्यांना कळलं नाही; पाठीमागून अत्तराचा वास आला.

"पटली खात्री," साहेब म्हणाले.

मी कायम झालो, हे आईला एसटीतच सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. रोजच्यासारखी आईनं बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि वंदनेला उभी राहिली. तिचे हात जुळले नाहीत. उजवा हात छातीवर गेला. डोळे मिटून ती हसली, आणि तिथंच थांबली.

"काय म्हणत असते रं मी इथं?" तिनं घाबरून विचारलं. "येईचना तोंडात."

मी तिचे दोन्ही हात धरून जोडले. वंदनेची पहिली ओळ सांगायला तोंड उघडलं, तर ओठांवर आधी ते हसू आलं.