दगडावरचं मीठ

सपाट दगडावर मेंढरांसाठी खडेमीठ टाकलेलं होतं. त्यातला खडा चघळताना माझी थोरली बहीण रानाच्या मालकाला सापडली. मालकाच्या मोकळ्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसवलेली. शेजारच्या फडात ऊसतोड चाललेली.

"मेंढरांचं मीठ खातीस व्हय गं? मग मेंढरावानीच चाट," मालक म्हणाला.

आक्का गुडघ्यांवर आली. हात टेकले. दगड चाटला. तोडणीवाले हसले. मालकानं माझ्याकडं बघितलं.

मीही हसलो.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. रान गेलं तर मेंढरं घेऊन माणदेशातल्या आमच्या वाळल्या माळावर परतावं लागेल, ही भीती होती. पण भीतीनं माणूस गप्प होतो. हसू आपोआप येत नाही. ते मी आणलं.

पालावर आल्यावर तिला बिरोबाची शपथ घातली. "परत मिठाला हात लावलास तर तुझा भाऊ मेला म्हणून समज."

"बरं," एवढंच म्हणाली.

आधीच ती वर्षभर खंगत होती. काळवंडत होती. उन्हानं म्हणावं, तर हिरड्यांवर कुठलं ऊन? शपथेनंतर ओकाऱ्या सुरू झाल्या. उठलं की भोवळ. शेवटी बैलगाडीत घालून सांगलीला नेली.

डॉक्टरांनी तिचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. तळहाताच्या काळ्या रेघा बघितल्या. "बाई, मीठ खावंसं वाटतं का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई वो. मी न्हाई खात मीठ."

जीव चालला होता, आणि ती माझी अब्रू राखत होती.

"खात हुती, डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "मीच बंद केलं."

डॉक्टरांनी समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. हिच्या वाळल्यात, बहुतेक जुन्या क्षयानं. त्यामुळं अंगात मीठ टिकत नाही, लघवीवाटे निघून जातं. इतके दिवस त्या मिठानंच ती उभी होती. इंजेक्शन परदेशातून येतं, आणि महायुद्ध चाललेलं, म्हणून मिळायला वेळ लागेल. तोवर मिठाचं पाणी पाजा, भरपूर.

आक्का तोंड उघडेना. "बिरोबाची आन हाय रं. तुला काय झालं म्हंजी?"

"हू दे मला. पी तू."

भांडं मीच तिच्या ओठांना लावलं. प्याली. "लय ग्वाड लागतंय रं," म्हणाली. पुढं दोन-चार दिवसांत उठून बसली.

पुढच्या सालाला मालकानं पुन्हा बोलावलं. चार माणसांत विचारलं, "का रं, तुझी मेंढी अजून मीठ चाटती का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

"ती माझी भन हाय," मी म्हणालो. "मीठ खाती. डॉक्टरनं सांगितलंय. आन आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची न्हाईत."

कळप वळवला. माळावर त्या साली चाऱ्यावाचून बरीच मेंढरं गेली.

एवढ्यानं काही फिटलं नाही. त्याच सालच्या थंडीत आक्का साध्या तापानं गेली; त्या दुखण्यात तिला तेवढाही सोसला नाही. इंजेक्शन आमच्यापर्यंत पोचलंच नाही. त्या हसण्याबद्दल ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

ते हसू मी मालकावर ढकलणार नाही. ते माझंच. पण इथून पुढं कुणी मोठा माणूस गरिबाला वाकवून माझ्याकडं बघेल, तेव्हा मी गप्प बसणार नाही. आणि माझे दात तर त्याला कधीच दिसणार नाहीत.