काठावरच राहिलेला निळा ठिपका

नवीन जालन्यातल्या एका दुकानदारानं मला फसवलं. परवा लेकीच्या नव्या टॅबचं खोकं उघडलं, तोच कोऱ्या प्लास्टिकचा वास आला आणि वडिलांच्या अस्थी सोडायला गेलो ती सकाळ आठवली. त्या आपल्या मळ्यावरच सोडा, असं ते सांगून गेले होते. मळा शहागडजवळ गोदावरीच्या अडवलेल्या पाण्याखाली गेलेला. जुन्या नकाशावरून मी त्याची खूण तेव्हा त्या दुकानातून मुद्दाम घेतलेल्या टॅबमध्ये केली होती. "सिम न्हाई, तरी पाण्यात जागा दाखवंल ना?" असं घेताना विचारलंही होतं. "बिलकुल बराबर दाखवतो, शेठ!" होडी निघाली, पण आम्ही कुठं आहोत ते दाखवणारा स्क्रीनवरचा निळा ठिपका काठावरच राहिला. चहूकडे सपाट, राखाडी पाणी. "दादा, आला का मळा?" मांडीवर अस्थींचं मडकं धरून धाकट्या भावानं विचारलं. "वारा सुटून राह्यला मालक, जल्दी करा," नावाडी म्हणाला. मी धाकट्याला म्हणालो, "इथंच सोड." रडू आलं नाही, काहीच आलं नाही. पुढं दुकानात जाऊन टॅब काउंटरवर आपटला, तर दुकानदार हसला. "पाण्यात कोण रस्ता बघतं, शेठ? दुसरा घेऊन जा." दुसरा मला आजही नको. माझा बाप मी कुठं सोडला, एवढं त्या दुकानदारानं सांगावं.