हेराच्या देखत केलेला उपास

त्या दिवशी मी इगर्जीत गेले ती प्रार्थनेला नव्हे, माणसांची तोंडं पाहायला. वस्तीत सगळ्यांनी उपास करायचा आणि दिवसभर क्रुसासमोर बसायचं असं पाद्रीबाबांनी ठरवलं होतं. तेही माझ्याच घरावरच्या संकटासाठी. माझ्या मनात मात्र एकच होतं, की यांच्यापैकी कोणीतरी आमचा घात केला आहे. दिवसभर समोर बसवलं तर कुठेतरी एखादी नजर चळेल आणि ती मला दिसेल. देव ऐकतो की नाही याबद्दलही त्या दिवसांत माझा भरवसा उडालेलाच होता.

आमची वस्ती नागझरीच्या ओढ्यापलीकडे, पेठांच्या बाहेर. श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडचे ख्रिस्ती गोलंदाज चाकरीला आले, त्यांची ही घरं. मातीच्या भिंतींचं, गवती छपराचं एक लहानसं देऊळ बांधलं होतं, त्याला आम्ही इगर्ज म्हणतो. माझे वडील गोलंदाज होते. मी जन्मले पुण्यात, वाढले पुण्यात, तरी पेठेत भाजी आणायला गेले की ‘फिरंगीण आली’ हे कानांवर यायचंच. आमच्या ह्यांच्याकडे दारूखान्याच्या किल्ल्या होत्या. तोफांची दारू कोरडी ठेवणं, ढीग फिरवणं, ऊन दाखवणं हे त्यांचं काम. ते त्यांनी देवपूजेसारखं केलं.

पावसाळा सरला, दसऱ्यानंतरच्या मोहिमेची तयारी सुरू झाली आणि दारू तपासायला काढली, तर मागच्या भिंतीकडची बरीचशी ओली निघाली. संध्याकाळपर्यंत कोतवाल चावडीत कोणीतरी कळवलं, की फिरंगी इंग्रजांना फितूर आहे, त्यानेच पाणी घातलं. शिपाई येऊन ह्यांना घेऊन गेले. मी चावडीवर गेले. दाराशी उभ्या शिपायाने विचारलं, कोणाची? नाव सांगितलं. तो म्हणाला, फितुराच्या बायकोला आत काय काम? परत दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा त्याने विचारलंही नाही.

दारूखान्यात आमच्या वस्तीतल्या माणसांशिवाय फारसं कोणी जात नसे. दारू ओली निघाल्याचं इतक्या लवकर चावडीत पोहोचवणारा आमच्यातलाच असणार, हे मी मनात पक्कं केलं. किल्ल्या गेल्या त्या आंजेलाबाईच्या नवऱ्याकडे. आंजेलाबाई माझी शेजारीण. ह्यांना नेलं त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन रडली होती. मला वाटलं, रडणं तर सोपं असतं.

उपासाच्या दिवशी उजाडताच आम्ही जमलो. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली आणि थोड्याच वेळात दारात एक माणूस येऊन बसला. अंगावर घोंगडी, कपाळाला गंध, वय उतरणीला लागलेलं. आमच्यातला नव्हताच. कोणाला काही विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. नुसता उंबऱ्याशी बसून राहिला. इनासकाका आमच्या वस्तीतले वडीलधारे. ते पाद्रीबाबांच्या कानाशी लागून म्हणाले, हा कोतवालाचा हेर आहे, याला घालवा. पाद्रीबाबा म्हणाले, उपासाच्या दिवशी देवाचं दार लावायचं नसतं. मग काकांनी दुसरा तोडगा काढला. सगळ्यांनी कोंकणीतून मागणं मागायचं, म्हणजे त्याला कळणार नाही. सगळ्यांनी काकांचं ऐकलं.

त्यानंतर जी प्रार्थना झाली ती भ्यालेल्या माणसांची प्रार्थना होती. प्रत्येक जण मागे वळून पाहात होता. दोन-तीन घरची माणसं ‘मूल आजारी आहे’ म्हणून उठून गेली ती परत आली नाहीत. जी राहिली ती एकमेकांकडेही चोरून पाहात होती, कारण हेर बाहेरचा असला तरी त्याला बोलावणारा आतला असू शकतो, हे सगळ्यांनाच सुचलं होतं. पाद्रीबाबांनी श्रीमंतांसाठी, शहरासाठी आणि कोतवालासाठीही देवाकडे कृपा मागितली. कोतवालाचं नाव निघालं तेव्हा मी ओठ मिटून घेतले. आंजेलाबाई माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी पदर आवरून थोडी सरकले. तीही सरकली, माझ्याच बाजूला.

दुपार टळल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, ज्याला जे मागायचं ते क्रुसासमोर येऊन मोठ्याने मागा. एकेक जण उठला, हळू आवाजात कोंकणीतून काहीबाही बोलला आणि जागेवर गेला. माझी पाळी आली. पोटात आग पडली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी गुडघे टेकले आणि आईने शिकवलेल्या शब्दांनी सुरुवात केली. पण राग आला की मला कोंकणी सुचत नाही. माझा राग पुण्यात वाढलेला, तो मराठीतूनच बोलतो.

मी देवाला म्हटलं, की तू सगळं पाहतोस म्हणतात, मग पावसाळ्याच्या तोंडी आमचे हे दारूखान्याच्या दारोग्याकडे जाऊन किती वेळा सांगत होते ते पाहिलं नाहीस का? मागच्या भिंतीवरची कौलं सरकली आहेत, पाणी भिंतीतून आत उतरेल, माणूस चढवा. दारोगा म्हणाला, तुझं काम खाली बघायचं, वर बघायचं नाही. त्या दारोग्याला मी देवासमोर जे बोलले ते इथे सांगत नाही. शेवटी म्हटलं, “यांच्यातल्या कोणी चावडीत आमचं नाव सांगितलं ते मला माहीत नाही. क्षमा मला जमत नाही, ती मागतही नाही. एवढंच दे, की यांच्या शेजारी मला बसता येऊ दे.”

उठताना तोल गेला. सावरलं ते आंजेलाबाईने. मागे पाहिलं तर उंबऱ्यावर कोणी नव्हतं. इनासकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. आता सरकारी दारोग्याला शिव्या दिल्याचाही गुन्हा लागणार, असं ते म्हणाले, आणि मलाही तसंच वाटलं. नवऱ्याला वाचवायला बसले होते आणि आपल्याच तोंडाने बुडवून आले.

दिवेलागणीला उपास सुटला. आंजेलाबाईने पेज आणली होती. वाटी हातात घेतली आणि माझ्या मनात काय काय आलं ते मलाच ठाऊक. तिला ते दिसलं असावं. तिने माझ्या हातातून वाटी घेतली, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि परत दिली. मी प्याले.

दुसऱ्या दिवशी काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना आमचे हे वाट चालत घरी आले. दाढी वाढलेली, अंगावर माराची खूण नव्हती. म्हणाले, कोतवालांनी अचानक दारूखान्याच्या छपरावर माणसं चढवली. कौलं सरकलेली सापडली, भिंतीत पाण्याचा ओघळ सापडला. दारोग्याला बोलावणं गेलं आणि ह्यांना सोडलं. छपराचं कोतवालांना कोणी सांगितलं ते ह्यांना कळलं नव्हतं. ह्यांनी स्वतः सांगितलं तेव्हा कोणी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो घोंगडीवाला पुन्हा आमच्या वाटेवर दिसला. ओढ्याच्या काठी पाय धूत होता. मी जवळ गेले.

“अहो, छपराचं तुम्ही सांगितलंत का?”

“ऐकायलाच पाठवलं होतं, बाई. जे ऐकलं ते सांगितलं. घालत नाही, गाळत नाही. दारोग्याला आपण जे बोललात तेही सगळं सांगितलं.” तो जरासा हसला. “कोतवाल म्हणाले, बाई नवऱ्यासाठी खोटं बोलली असेल. मी म्हटलं, खोटं बोलणारी देवाची मनधरणी करते, ही तर त्याच्याशी भांडत होती.”

मी हात जोडले. तो पाय पुसून उठला आणि आपणहून म्हणाला, “आपल्या यजमानांचं नाव चावडीत कोणी सांगितलं, ते मला ठाऊक आहे. विचारणार का?”

वर इगर्जीत घंटा झाली होती. माणसं आत जात होती. इनासकाका, आंजेलाबाई, तिचा नवरा, मूल आजारी आहे म्हणून उठून गेलेले ते सगळे. ज्या उत्तरासाठी मी दिवसभर उपाशी बसून तोंडं पाहिली, ते उत्तर हाताच्या अंतरावर उभं होतं. मी म्हटलं, “नको.”

तो मान हलवून निघून गेला. मी आत जाऊन आंजेलाबाईच्या शेजारी बसले.

हा चमत्कार होता का, ते मी सांगत नाही. पाद्रीबाबांनीही तो शब्द काढला नाही. ज्याच्या कानांपासून आम्ही आमचं मागणं लपवत होतो, त्याच्याच कानांनी ते पोहोचलं, एवढं मला ठाऊक आहे. शंका अजून येते. कधी कधी भर प्रार्थनेत येते आणि मी पुन्हा तोंडं पाहू लागते. मग आपलं आपणच सोडून देते, कारण तेवढंच मी मागितलं होतं आणि तेवढंच मिळालं. ते नाव देवाला ठाऊक आहे आणि त्या हेराला. दोघांनीही ते मला आजवर सांगितलेलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.