विहिरीतली राख

कुरुंद्याच्या आमच्या शेतात विहीर नव्हती. निजामाच्या अमलातली गोष्ट. पाणी मीच ओढ्यावरून डोक्यावर आणायची, आणि त्या उन्हाळ्यात मी पोटुशी होते. सासऱ्यांनी विहीर खणायला घेतली तेव्हा मी मनातल्या मनात त्यांचे सगळे जुने गुन्हे माफ केले.

काळी माती संपली, पिवळी लागली, आणि तिच्याखाली हातभर जाडीचा पांढुरका थर आला. टोपलीतून वर आली ती राख. काम थांबलं. सासरे म्हणाले, जुनी मसणवट दिसते; चितेखालचं पाणी प्यायचं नाही, उद्या खड्डा बुजवू. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मला संताप आला. सारा जन्म चूल फुंकण्यात चाललेला; राख मला कुणी शिकवायची? चिमूटभर बोटांत चोळली तर टोचली. तांब्याभर पाण्यात ओंजळभर ढवळली. कोळशाचा कण वर आला नाही, चुलीच्या राखेनं होतं तसं पाणी बुळबुळीत झालं नाही. जाड कण लगेच बुडाले, बारीक मात्र संध्याकाळपर्यंत तरंगत, रेंगाळत खाली बसले. वरचं पाणी ओतून टाकलं, तर तळाच्या गाळात वर मैदा, खाली रवा. विहिरीपाशी जाऊन वाकून पाहिलं. त्या थरातही खाली रवा, वर मैदा. इथं कधीतरी पाणी साचलेलं होतं आणि ही राख आभाळातून त्यात पडली होती.

पुढं लेकाच्या मास्तरांनी सांगितलं, की समुद्रापल्याड ज्वालामुखीचा डोंगर पेटतो, त्याची राख वाऱ्यावर मुलूख ओलांडते. बरीचशी समुद्रात पडते आणि खोल अंधारात तळाला अशीच बसते, जाड आधी, बारीक मागून. मी नकळत हात जोडले.

पण त्या संध्याकाळी मास्तर नव्हते. सासऱ्यांशी मी कधी समोरून बोललेली नव्हते. काही हवं तर सासूबाईंमार्फत. पदर सावरून तो तांब्या सासऱ्यांपुढं ठेवला.

"मामा, ही चितेची न्हाई. वरून पडली अन् पाण्यात बसली."

त्यांनी बोट घालून बराच वेळ चोळून पाहिलं. सकाळी खणणं सुरू झालं.

पाणी लागलं त्या दिवशी गाव जमलं, पण मसणवटीची बातमी सगळ्यांच्या कानी गेलेली. प्यायला कुणी पुढं येईना. सासऱ्यांनी तांब्या भरून माझ्या हातात दिला. "तू म्हनलीस. आता तूच पी."

सासूबाई माझ्या पोटाकडं पाहत होत्या. मला भीती वाटली, खरंच वाटली. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं, दाताखाली जराशी कचकच आली, ती गिळली.

सासऱ्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि सुनेचं उष्टं पाणी साऱ्या गावादेखत पिऊन टाकलं.