ओठ मिटून वाचताना

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या खडखडाटात तिथे कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून साचेवाले एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवून चहाचं विचारी आणि बाबाही तसंच उत्तर देत. अशी वर्षं काढल्यावर त्यांचे कान गेले. मग घरातही ते ओठांवरूनच ऐकायचे. आई पाठमोरी होऊन बोलली की ते बोलणं वाया जाई, आणि आई बोलायची बरंच.

लिहिता-वाचता त्यांना सहीपुरतंच येई. तरी रोज पाळी सुटल्यावर ते पेपर घेऊन येत आणि माझ्यापुढे ठेवत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मुंबईचं काय होणार, याचा घोर अख्ख्या चाळीला. मी गॅलरीत बसून मोठ्यानं वाचायचे, शेजारीपाजारी ऐकत आणि बाबा समोर पाट टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसत. सभांना ते न चुकता जात, पण भाषण ऐकू येत नसे आणि लांबच्या वक्त्याचे ओठही दिसत नसत. तिथे काय बोलणं झालं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कळे.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. हरताळ, संचारबंदी, मध्येच शाळा बंद. अभ्यासक्रम निम्मासुद्धा झाला नव्हता. तेव्हा आमच्या वर्गाच्या बाईंनी मुलींना जलद वाचायला शिकवायचं मनावर घेतलं. "तुम्ही तोंडानं वाचता, म्हणून रखडता," त्या म्हणाल्या. पेन्सिल ओठांत धरायची, म्हणजे ओठ हलणार नाहीत. शब्दाशब्दाला अडायचं नाही, नजरेनं तीन-चार शब्द एकदम उचलायचे. धड्याखालचे प्रश्न आधी, धडा मग. पान झालं की पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं; सांगता आलं नाही तर ते वाचलंच नाही असं समजायचं. मला हे भलतंच जमलं. ज्या धड्याला संध्याकाळ जायची तो चहा उकळेपर्यंत संपू लागला, वर डोक्यात पक्का बसू लागला. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

एकदा अशीच पेन्सिल ओठांत धरून मी इतिहास वाचत होते. बाबा समोर येऊन बसले. जरा वेळानं म्हणाले, "आज वाचूचा नाय काय गो?"

"वाचतेय ना," मी पेन्सिल काढून म्हटलं.

ते तसेच बघत राहिले. मग लाजत लाजत विचारलं, "त्या राजाचा काय झाला? गडावर अडाकलेलो तो?"

मला आधी कळेचना. मग आठवलं, तो धडा मी मागे मोठ्यानं वाचायला घेतला होता आणि अर्ध्यावर सोडला होता. पेपर ते माझ्याकडून ऐकत होतेच. पण माझा इतिहास, भूगोल, सगळंच समोर बसून शिकत होते, हे घरात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"हरला," मी सांगितलं. ते "बरा" म्हणाले आणि उठून गेले.

परीक्षा डोक्यावर होती, मोठ्यानं वाचत बसणं परवडणारं नव्हतं. यात कुणाचं चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि म्हणूनच ते जास्त सलतं. पुढे पेपरचंही तेच झालं. मी झरझर नजर फिरवून बाबांना मतलब तेवढा सांगायचे. सांगणं चोख असे, बाईंनी शाबासकीच दिली असती. बाबा मान डोलवत आणि आणखी काही येईल म्हणून माझ्या ओठांकडे बघत राहत.

मी पास झाले, फोर्टात नोकरीला लागले. आणि मुंबईसह महाराष्ट्र होणार हे एकदाचं नक्की झालं. त्या सकाळी बाबा रातपाळीवरून पेपर घेऊन धावतच वर आले. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. साडीला पिन लावता लावता पहिल्या पानावरून नजर फिरवली.

"मुंबई मिळाली, बाबा!"

"फुडे?"

"मिळाली. आपली झाली."

ते थांबले होते. एवढं मोठं पान, एवढी वर्षं, त्यांच्या खात्यातला एक सोबती गोळीबारात गेलेला, आणि माझे हे चार शब्द. मी पर्स खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. पण जमेना. डोळे ओळीच्या टोकाला पोचलेले आणि तोंड अजून सुरुवातीला. मधले शब्द गळत होते, काही अर्धेच तोंडात राहत होते. बाबा डोळे बारीक करून ते जुळवू बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"रवांदे गो," ते म्हणाले, "तुका उशीर होता."

आणि मला खरंच उशीर होत होता.