तेवढाच वाल

सकाळी आठला मी धुळ्याहून चोपड्याला निघालो तो वैतागूनच. मोठी बहीण अक्का हृदयाची झडप बदलून घ्यायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला जळगावच्या दवाखान्यात दाखल करायचं होतं. मेहुण्यांनी हात टेकले, म्हणून माझी नेमणूक झाली.

सोनगीरजवळ मोटरसायकलचं मागचं चाक बसलं. दोन दिवसांत तिसऱ्यांदा! धुळ्यात ट्यूब पाण्यात बुडवूनही पंक्चर सापडलं नव्हतं. हमरस्त्यालगत एका वयस्कर नानांचं पंक्चरचं दुकान होतं. त्यांनी हवा भरली, बोटाला थुंकी लावली आणि ट्यूबच्या नळीच्या तोंडावर टेकवली. मी नाक मुरडलं. तेवढ्यात थुंकीला बुडबुडा आला.

“पंक्चर नही भाऊ, वाल (व्हॉल्व्ह) खराब शे (आहे). झाकण कथं गयं?” (कुठे गेलं?)

झाकण मी केव्हाच हरवलं होतं. नानांनी नळीतून स्प्रिंगची इवलीशी पिन काढली. तिच्यावर धूळ बसली होती.

“हवा आत जास, पण हाई (ही पिन) बाहेर येऊ देस नही. ट्यूब चांगली शे. हाईच बदलनी.” (हीच बदलायची.)

नवी पिन बसली, वर झाकणही आलं. जुनी मी खिशात टाकली.

तापी ओलांडली, तशा केळीच्या बागा सुरू झाल्या. जीव जरा निवला. चोपड्याला अक्कानं कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी वाढली. दोन पावलांवर तिला धाप लागत होती. मी रागावून बोलणारच होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, “अक्का, भीती कशाची वाटते?”

ती हळूच म्हणाली, “दुसरानं काळीज टाकतीन ना? मंग पोरंसनी माया राही का त्यामा?” (दुसऱ्याचं काळीज टाकतील ना? मग त्यात पोरांची माया राहील का?)

महिनाभर आम्ही तिला नुसतं हट्टी म्हणत होतो. मी खिशातली पिन तिच्या तळहातावर ठेवली आणि नानांनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं. काळजातही असाच वाल असतो, तेवढाच बदलायचा.

“आनि ट्यूब?”

“तीच.”

तिने पिन उलटसुलट करून पाहिली आणि दवाखान्यासाठी पिशवी भरायला उठली.

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आली. पोरं भोवती होती, त्यांच्याकडे पाहून मग तिने मला विचारलं, “जेवना का रे?” (जेवलास का रे?)

मला रडू आवरेना. धुळ्याला परतताना वाटेत दोनदा थांबून डोळे पुसावे लागले.